दुसरी खूण

गणपती गेले की आठ-दहा दिवसांत आमच्या इमारतीच्या गच्चीवर करडा धोबी येतो. चिमणीएवढंच अंग, पोटाखाली पिवळा, शेपटी लांब आणि सतत वर-खाली होणारी. पाण्याच्या टाकीखाली जिथे झिरपतं तिथे शेवाळाचा एक पट्टा धरलेला आहे, त्यावर तो किडे टिपत फिरतो. हिमालयाकडून आलेला असतो आणि मार्चपर्यंत राहतो. यंदाही आला. मी कपडे वाळत घालत होतो. ओला टॉवेल हातात धरून थोडा वेळ त्याच्याकडे पाहिलं, मग जिन्याच्या दाराशी जाऊन हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. ताईला जाऊन तेव्हा आठ महिने झाले होते.

ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. टेलिफोन खात्यात ऑपरेटर होती. तिचे यजमान लवकर वारले, मी लग्न केलं नाही, आणि आई गेल्यानंतर मी काही दिवसांसाठी म्हणून तिच्याकडे मुलुंडला आलो तो बावीस वर्षं राहिलो. इमारत डोंगराच्या पायथ्याशी आहे. मागच्या भिंतीपलीकडे थोडी वस्ती, मग जंगल. आम्ही सातव्या, म्हणजे शेवटच्या मजल्यावर, आणि गच्चीची किल्ली आमच्याच घरातल्या खिळ्याला. मी घाटकोपरच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात होतो. आलेल्या पुस्तकाची नोंद करायची, विषय ठरवायचा, क्रमांक द्यायचा, हे माझं काम. पक्ष्यांचं वेड तिचं. मी बरोबर जायचो, कारण रविवारी सकाळी घरात एकट्याने बसण्यापेक्षा ते बरं होतं.

तिला पक्षी आधी ऐकू यायचा. आयुष्यभर कानाला यंत्र लावून लोकांचे आवाज जोडत बसल्यामुळे असेल. चालता चालता ती थांबायची, मान थोडी तिरकी करायची, आणि मग तिची नजर बरोबर त्या फांदीवर जायची. मला काहीच कळायचं नाही. मी विचारायचो, "कुठे?" मग पुन्हा, "कुठे?" तिसऱ्या वेळेला ती म्हणायची, "अरे, तुझ्या नाकासमोर. पुस्तक नाही ते, ठेवल्या जागी सापडायला."

तिच्या वहीबद्दल सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. पावसाळा सरता सरता उत्तरेकडून पक्षी यायला लागतात. काही हिवाळाभर थांबतात, काही दोन दिवस टेकून पुढे जातात. सप्टेंबरपासून नोव्हेंबरअखेरपर्यंतचा हा काळ ती दरवर्षी एका लांबट वहीत लिहायची. तारीख, जागा, पक्षी, शेरा, आणि शेवटी दोन अरुंद रकाने. पहिल्यात तिची बरोबरची खूण, निळ्या शाईत. दुसऱ्यात माझी, पेन्सिलीने. दोन खुणा झाल्याशिवाय पक्षी यादीत धरायचा नाही.

हा नियम तिने आपणहून घालून घेतला होता. अगदी सुरुवातीच्या एका वर्षी तिने खाडीच्या बाजूला एका खांबावर एकटीने शाही ससाणा पाहिला आणि रविवारी आमच्याबरोबर पक्षी बघायला येणाऱ्या मंडळींना मोठ्या आनंदाने सांगितलं. पुढच्या रविवारी सगळे बघायला गेले, तर त्याच खांबावर, त्याच वेळी, एक साधा शिक्रा बसलेला. मंडळींनी तिला वर्षभर पिडलं. भेटेल तो विचारायचा, "काय ताई, आज महाराज दरबारात आहेत का?" तीही हसायची. पण घरी आल्यावर तिने पट्टी घेऊन वहीत दोन रकाने आखले. मला म्हणाली, "तू काही पक्षीवाला नाहीस, म्हणून तू चांगला साक्षीदार. तुला काही दिसावंसंच वाटत नाही."

पद्धत अशी होती. तिने पक्ष्याचं नाव सांगायचं नाही. दुर्बीण माझ्या हातात द्यायची आणि गप्प राहायचं. मी जे दिसलं ते सांगायचं, निदान दोन गोष्टी: डोळ्यावरून काळी रेघ जाते, पाय पिवळे आहेत, असं काहीतरी. तिच्या डोक्यातल्या पक्ष्याशी ते जुळलं की ती वही पुढे करायची आणि मी खूण करायचो. जुळलं नाही तर नोंद एका खुणेची राहायची, आणि नोव्हेंबरच्या शेवटच्या संध्याकाळी आम्ही वर्षाची यादी मोठ्याने वाचायचो तेव्हा ती गाळून ताई पुढे जायची. खोडरबर चालायचं नाही. चूक झाली तर एक आडवी रेघ आणि बाजूला कारण. मला हे सगळं आवडायचं. माझ्या कामासारखंच होतं ते.

गेल्या वर्षी ती गच्चीपलीकडे कुठेच जाऊ शकली नाही. यकृताचा आजार, उन्हाळ्यात कळला तेव्हा बराच पुढे गेलेला. पोटात पाणी व्हायचं, पाय सुजायचे. डोळ्यांत पिवळेपणा होता, पण नजर होती तशीच. सप्टेंबरपासून मी आणि वॉचमन मिळून तिला रोज दुपारी खुर्चीसकट वर न्यायचो. वॉचमन म्हणायचा, "ताई, तुमचं वजनच नाही काही, सगळं खुर्चीचं आहे." ती म्हणायची, "मग खुर्चीला जेवायला कमी घालू या." तीन ते पाच ती टाकीच्या सावलीत बसायची, मी शेजारी पुस्तक घेऊन. त्या वर्षीच्या नोंदी कमी आहेत, पण आहेत. धोबी, माळभिंगऱ्या, युरोपातून आफ्रिकेकडे निघालेला एक नीलपंख. प्रत्येकीपुढे तिची खूण आहे आणि माझीही.

दिवाळी होऊन आठवडा झाला होता. फटाक्यांचा धूर जाऊन हवा स्वच्छ झालेली, आणि डोंगरावर घारी गोल फिरत होत्या. मी तिच्या गोळ्यांची पाकिटं मांडीवर घेऊन कुठली किती उरली ते बघत होतो. ती एकदम ताठ बसली. महिनाभरात अशी बसली नव्हती. हात वर करून म्हणाली, "घारींच्या वर. अजून वर. धर."

मी गोळ्या बाजूला ठेवल्या आणि दुर्बीण डोळ्याला लावली. घारी दिसल्या. त्यांच्या वर आकाश. ऊन आत येत होतं. मी डावीकडे गेलो, उजवीकडे गेलो, पुन्हा घारींवर येऊन तिथून वर गेलो. काही नव्हतं. बाजूला तिचा श्वास ऐकू येत होता, तोंडाने घेतलेला, धापेचा. मी दुर्बीण खाली घेतली तेव्हा ती आकाशाकडे नाही, माझ्याकडे बघत होती.

"दिसला?"

"हो," मी म्हणालो.

तिने काही विचारलं नाही. वही मांडीवर घेऊन सावकाश लिहिलं: अमूर ससाणा, एक नर, डोंगराकडून समुद्राकडे. निळी खूण केली. मग वही आणि पेन्सिल माझ्याकडे सरकवली. मी दुसरी खूण केली.

अमूर ससाणा कबुतराहून लहान असतो. चीनच्या उत्तरेकडून निघतो, ईशान्य भारतात थोडे दिवस थांबतो, मग देश ओलांडून अरबी समुद्रावरून न थांबता आफ्रिकेला जातो. लोणावळ्याकडे घाटावर तो अनेकांनी पाहिलेला आहे. आमच्या बाजूने जात असला तरी फार उंचावरून, घाईत, नोव्हेंबरातल्या मोजक्या दिवसांत. ताई दर नोव्हेंबरला त्याची वाट बघायची आणि दर वर्षी शेवटच्या संध्याकाळी म्हणायची, "आपला पाहुणा याही वर्षी बाहेरूनच गेला."

मी खोटं का बोललो याला फार शब्द लागत नाहीत. तिचा पक्षी यादीत यायला हवा होता आणि तिला पुढचा नोव्हेंबर नव्हता. त्या क्षणी ते मला खोटं वाटलंसुद्धा नाही. तिची उशी सरळ करावी, पायांखाली पाट सरकवावा, तसंच एक काम होतं ते.

नोव्हेंबरच्या शेवटच्या संध्याकाळी ती रुग्णालयात होती. पोटातलं पाणी काढायला दाखल केलं होतं. यादी वाचायची राहिली. डिसेंबरात ती दोनदा घरी आली आणि दोनदा परत गेली. जानेवारीत, एका सकाळी, मी चहा आणायला खाली गेलो असताना ती गेली.

आमच्या घरी वडिलांपासून बुद्धवंदना आहे. तिच्या पुण्यानुमोदनाला मराठवाड्यातून नातेवाईक आले होते. सतरंजीवर सगळे बसले आणि भन्तेजींच्या मागून पंचशील म्हणू लागले. चौथं शील खोटं न बोलण्याचं. कळायला लागल्यापासून म्हणत आलेलं ते वाक्य माझ्या तोंडातून निघालं नाही. बाकीचे पाचव्यावर गेले आणि मी तिथेच राहिलो. शेजारच्या चुलतभावाला वाटलं मला रडू आलं. त्याने माझ्या पाठीवर हात ठेवला. मी तो ठेवू दिला, आणि मला वाटलं, हेही खोटंच झालं.

त्यानंतरचे महिने मी वाचून काढले. काय वाचलं ते सांगता येणार नाही. वह्या तिच्या कपाटात खालच्या फळीवर होत्या, वर्षांच्या क्रमाने. मी त्यांना हात लावला नाही.

सप्टेंबर संपता संपता रविवारच्या मंडळींपैकी एक बाई भेटायला आली. दहिसरला राहते, शाळेत विज्ञान शिकवते, चाळिशीची असेल. तिला पक्ष्यांची गोडी ताईने लावली होती, आणि तिने ताईसाठी रुग्णालयात खेपा घातल्या होत्या. मंडळी एक छोटी पुस्तिका करणार होती: डोंगराच्या या बाजूला आणि खाडीवर, कुठला पाहुणा पक्षी कुठल्या आठवड्यात येतो. त्यासाठी ताईच्या वह्या हव्या होत्या. तिचं म्हणणं असं की नोंदी सगळ्यांकडेच आहेत, मोबाइलवर आहेत, पण प्रत्येक पक्षी दोघांनी बघितलेला अशी वही दुसऱ्या कुणाकडे नाही. पुस्तिकेच्या सुरुवातीला ताईच्या पद्धतीबद्दल चार ओळी लिहायचं ठरलं होतं.

मी तिला आधीच्या सगळ्या वह्या दिल्या. शेवटची सापडत नाही म्हणालो. ती तेव्हा माझ्या कपाटात, शर्टांच्या खाली होती.

"घाई नाही काका," ती म्हणाली. "पण ती हवी हं. शेवटच्या वर्षाशिवाय नको वाटतं."

ती गेल्यावर मी वही काढून ते पान पाहिलं. निळी खूण आणि शेजारी पेन्सिलीची. दुसरं कुणी ते पान बघेल तर त्याला दोन्ही सारख्याच दिसतील. पुस्तिकेत त्या दोन खुणांच्या जोरावर एक ओळ छापली जाईल, आणि वर ताईची सचोटी सांगणाऱ्या चार ओळी असतील. खूण खोडली तर तिचा तो पक्षी जाईल. ठेवली तर तिचा नियम जाईल. दोन्हीपैकी एक माझ्या हातून जाणार होतं आणि विचारायला ती नव्हती.

मग मला एक युक्ती सुचली. आता लिहिताना लाज वाटते. मी ठरवलं की यंदा मी त्याच जागी, त्याच वेळी बसायचं. अमूर ससाणा एकदा माझ्या डोळ्यांनी दिसला, त्याच दिशेने जाताना, तर ती खूण अगदीच पोकळ राहणार नाही. ग्रंथालयात आम्ही कुणाला असं करू दिलं नसतं. या वर्षी आलेलं पुस्तक मागच्या वर्षाच्या पानावर चढवायचं, त्यातला प्रकार. पण मी रोज दुपारी तीन वाजता वर जाऊन बसू लागलो.

ऑक्टोबरचं ऊन उतरायला लागलं होतं. मी पहिल्यांदाच पुस्तक न घेता गच्चीवर बसत होतो. आकाशाकडे दोन तास बघत राहिलं की ते रिकामं नसतं हे हळूहळू कळतं. घारी असतात, त्यांच्याखाली पाकोळ्या, कधी एखादी खरूची, तीही ससाण्याच्याच जातीची, एका जागी पंख फडफडवत थांबलेली. चतुर दिसायचे, शेकड्यांनी, सगळे एकाच बाजूला चाललेले. ससाणे त्यांच्याच मागे येतात असं मी वाचलं होतं. वॉचमन एकदा वर आला, थोडा वेळ माझ्याबरोबर वर बघत उभा राहिला आणि काही न विचारता खाली गेला.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात एका दुपारी घारींच्या वर एक पक्षी आला. पंख लांब, टोकाला निमुळते, घारीसारखे तरंगणारे नाहीत. तो डोंगराकडून आला आणि सरळ निघाला. दुर्बीण मी लगेच लावली आणि या वेळी तो सापडला. पाच-सहा श्वास घेईपर्यंत तो माझ्या वर्तुळात होता. मग पलीकडच्या टॉवरच्या मागे गेला.

मी जवळजवळ धावतच खाली आलो. वही टेबलावर उघडली आणि पद्धतीप्रमाणे, रिकाम्या खोलीत, काय दिसलं ते मोठ्याने सांगायला लागलो. पंख लांब आणि निमुळते. ही पहिली गोष्ट. पंखांची आतली बाजू पांढरी, मी म्हणालो, आणि थांबलो. पांढरी दिसली होती का? ऊन होतं. पक्षी मला काळा दिसला होता, सगळाच काळा. आतली बाजू पांढरी असते हे मी वाचलेलं होतं. दुसरी गोष्ट मी आकाशातून नाही, पुस्तकातून सांगत होतो. तो अमूर असेल. खरूची असेल. मला तो अमूर हवा होता, इतका की मी त्याला पांढरं लावलं. ज्याला काही दिसावंसं वाटत नाही असा साक्षीदार मी आता राहिलो नव्हतो.

तिथे बसल्या बसल्या मला गेल्या वर्षीचा तो दिवस पुन्हा दिसला, आणि वर्षभरात लक्षात न आलेली गोष्ट लक्षात आली. तिने मला काहीच विचारलं नव्हतं. बाकी प्रत्येक वेळी, मी कितीही दमलेला असलो, पाऊस असला, तरी तिने माझ्याकडून दोन गोष्टी वदवून घेतल्याशिवाय वही पुढे केली नव्हती. त्या दिवशी नुसत्या एका 'हो'वर केली. आणि मीही एकदाही 'कुठे' म्हणालो नव्हतो.

याचे दोनच अर्थ होते. एक, तिला तो पक्षी इतका हवा होता की तिने जाणून विचारलं नाही. म्हणजे मी तिला शेवटच्या वर्षी तिचा नियम मोडायला लावला. दुसरा, तिला माझं खोटं तिथल्या तिथे कळलं होतं आणि तिने मला उघडं पाडलं नाही. पहिल्या अर्थाची मला भीती वाटली. दोन दिवस मी गच्चीवर गेलो नाही. तिसऱ्या दिवशी दहिसरला फोन केला आणि वही सापडल्याचं सांगितलं.

ती रविवारी दुपारी आली. घोडबंदरच्या रस्त्यावर बस फार वेळ अडकली होती. पाणी प्यायली, पंख्याखाली बसली. मी वही तिच्यासमोर ठेवली आणि म्हणालो की तुम्ही बघायच्या आधी मला काही सांगायचं आहे. पण तिने वही उघडलेलीच होती आणि तिचं बोट नोंदींवरून खाली खाली चाललं होतं.

"एक मिनिट काका, मला एक शोधायचंय," ती म्हणाली. बोट एका ओळीवर थांबलं. "हा असणार. बोरू वटवट्या. हा मी काढून टाकते." तिने आपल्या टिपणाच्या कागदावर त्याचं नाव लिहून त्याला कंस घातला.

मी विचारलं, का काढायचा.

ती थोडी अवघडली. मग तिने वही मिटली आणि सांगितलं. डिसेंबरात ती रुग्णालयात भेटायला गेली होती, त्या दिवशी मी औषधं आणायला बाहेर गेलो होतो. ताईने पुस्तिकेची चौकशी केली, 'माझ्या वह्या वापर' म्हणाली. आणि मग म्हणाली, यंदाच्या वहीत एक नोंद आहे, तिच्यापुढे दोन खुणा आहेत, तरी ती धरू नकोस.

"मी विचारलं, कुठली? तर म्हणाल्या, माझा भाऊ सांगेल. मी म्हटलं, आणि विसरले तर? तर म्हणाल्या, विसरणार नाही. वेळ लागेल त्याला, पण सांगेल. तू विचारू नकोस." ती माझ्याकडे बघत नव्हती. "तुम्ही काही बोललाच नाहीत. मग म्हटलं, जाऊ दे, या धावपळीत राहून गेलं असेल, आपणच शोधू. वटवटे सगळे एकसारखेच दिसतात ना, म्हणून मला वाटलं हाच."

खाली कुणीतरी गाडी मागे घेत होतं, तिचा आवाज बराच वेळ येत राहिला. तिने घाई केली नाही.

"तो नाही," मी म्हणालो. वही माझ्याकडे ओढून उघडली, वटवट्याच्या पुढे गेलो आणि एका ओळीवर बोट ठेवलं. "हा. हा तिने पाहिला. मी नाही पाहिला."

तिने वाचलं. "अमूर," ती हळूच म्हणाली. आणि मग, अगदी सरळपणे, "काका, आपल्या बाजूला हा एकच आहे हो. दुसऱ्या कुणाकडेच नाही."

मी म्हणालो, मला माहीत आहे. ताईने पाहिला याबद्दल मला शंका नाही. पण तिने माझ्यासाठी रकाना आखला होता तो शंका असली-नसली तरी स्वतः बघूनच भरायचा होता, आणि मी तो न बघता भरला. ती विचारत होती तेव्हा मला 'नाही' म्हणवलं नाही.

"ताईंना राग आला असेल का?"

मी म्हणालो, राग आला असता तर तिथेच वही डोक्यात घातली असती. यावर ती हसली, आणि हसता हसता तिने पदराने डोळे पुसले.

तिने तिचं पेन पुढे केलं. मी पेन्सिल आणली. खोडरबर तिच्या टोकालाच होतं. नोंद मी तशीच राहू दिली, निळी खूणही. फक्त दुसऱ्या रकान्यातल्या माझ्या खुणेवर एक आडवी रेघ ओढली, पट्टी लावून. शेजारी शेऱ्याच्या जागेत लिहिलं: मी पाहिला नाही. खाली त्या दिवसाची तारीख घातली. अक्षर माझं नेहमी बरं येतं. तेव्हा जरा वाकडं आलं.

तिने पान वाचलं, आपल्या कागदावर ससाण्यांच्या रकान्यात काही लिहिलं नाही, आणि पान मागे उलटून वटवट्यावर आली. त्याला तिने आपल्या कागदावर आधीच कंस घातला होता.

"मग हा खरा?"

"हा खरा."

"तुम्ही पाहिलात?"

मी म्हणालो, हा मीच आधी पाहिला. बावीस वर्षांत हा एकच. ताईचा खुर्चीत डोळा लागला होता. टाकीमागे कण्हेरीची एक मोठी कुंडी आहे, तिच्यात काहीतरी चकचक आवाज करत होतं, म्हणून मी पुस्तक मिटून बघत बसलो. तो अर्धा तास आत-बाहेर करत होता. ती जागी झाल्यावर तिलाही दिसला. तिने मला इतके प्रश्न विचारले की शेवटी मी वैतागलो होतो.

"काय दिसलं ते सांगा," ती म्हणाली आणि कंसावर काट मारली.

मी सांगायला लागलो. रंग फिका मातकट, पाठीवर एकही रेघ नाही. भुवई आखूड, डोळ्याच्या जरा पुढपर्यंतच. चोच अंगाच्या मानाने लांब. एका फांदीवर दोन क्षणही न थांबणारा, आणि पानाच्या खालच्या बाजूचे किडे खाताना उलटा होणारा. ती लिहीत होती. मध्येच तिने विचारलं की पाय कुठल्या रंगाचे, आणि मी म्हणालो, पाय मला नीट दिसले नाहीत. तिने तेही लिहून घेतलं.